टेंभा धरणारे

आमच्या कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात, फ्यूजवायरच्या रिळाशेजारी, एक काळा प्लग पडलेला असतो. तीन गोल पिना, तिन्ही एका ओळीत, सारख्याच जाडीच्या. आपल्याकडच्या कुठल्याही सॉकेटात तो जात नाही. दर दिवाळीला आवराआवर करताना बायको तो दोन बोटांत धरून माझ्यासमोर नाचवते, मी "राहू दे गं" म्हणतो, आणि प्लग परत खणात जातो. सतरा वर्षं हे चाललंय.

मी बँकेत कॅशियर होतो. कॅश टॅली झाली की संध्याकाळी लाइटवाला. राज्य नाट्य स्पर्धेत आमच्या संस्थेने जेवढी नाटकं उभी केली, त्यातल्या बहुतेकांचे डिमर माझ्या बोटांखालून गेले. प्रेक्षकांत कुणी मला ओळखत नाही, आणि ते बरंच आहे. लाइटवाला लक्षात राहिला तर समजावं की लाइट चुकला.

परवा नाशिकच्या गंगापूर रोडला एका बैठकीचं बोलावणं आलं. पंधरा-वीस तरुण मुलंमुली आणि माझ्यासारखे दोन-तीन पिकलेले. विषय असा की सिंहस्थाचा ध्वज ३१ ऑक्टोबर २०२६ ला चढणार आणि उतरणार तो २४ जुलै २०२८ ला. म्हणजे जवळजवळ पावणेदोन वर्षं. प्रयागचा कुंभ महिना-दीड महिन्यात आटोपतो, आपल्याकडे हे पर्व असं लांबतं. मुलांचं म्हणणं, एवढा काळ जगाचं लक्ष इथे असणार, तर स्नानाच्या तारखा सोडून बाकीच्या दिवसांत आपण काय दाखवणार? वर्षभराचा कलामहोत्सव करू, आणि त्याला परदेशातले भागीदार मिळवू. एका मुलाने पडद्यावर नकाशा लावला. नाशिकपासून सुटलेले बाण युरोपभर, एक तर जपानपर्यंत. खाली रिकाम्या चौकटींची रांग. तिथे लोगो यायचे होते.

"काका, तुम्ही केलंय ना परदेशी ग्रुपबरोबर काम? काय अनुभव?"

मी काहीतरी पुटपुटलो. बैठकीत मला कधीच धड बोलता येत नाही. घरी येऊन हातपाय धुतले की सगळं सुचतं. म्हणून हे लिहायला घेतलं.

एप्रिल २००९. सावल्यांचे खेळ करणारं एक इटालियन जोडपं एका संस्थेमार्फत नाशिकला आलं. तो पन्नाशीचा, ती त्याहून थोडी लहान. दोन ट्रंका, त्यात पुठ्ठ्याच्या आणि चामड्याच्या आकृत्या, एक घडीचा पडदा. मला सांगण्यात आलं होतं की "त्यांना लाइटचं काय लागेल ते बघ." मी आपला हजार वॅटचे चार स्पॉट आणि दोन पेट्या डिमर घेऊन हजर. त्याने ते सगळं पाहिलं, नमस्कार केला आणि खिशातून एक बल्ब काढला. करंगळीच्या पेराएवढा. बारा व्होल्टचा हॅलोजन, छोट्या ट्रान्सफॉर्मरवर चालणारा. बास, एवढंच.

तो ट्रान्सफॉर्मर लावायचा तर प्लग बसेना. नाट्यगृहातल्या माणसाने आपल्याकडची सर्वमान्य पद्धत अवलंबली: प्लग कापला, तारा सोलल्या, सॉकेटात कोंबल्या आणि वरून आगपेटीच्या काड्या ठोकल्या. ठिणगी उडाली तशी ती बाई किंचाळली. मग मी पक्कड मागितली, तिथल्या तिथे आपला पाच अँपिअरचा थ्री-पिन बसवला, अर्थिंग तपासलं. कापलेला प्लग खिशात टाकला तो तसाच घरी आला.

त्यानंतर त्याने मला जे दाखवलं ते मी पंचवीस वर्षं लाइट करून शिकलो नव्हतो. दिव्यापुढे भिंग नाही, मागे परावर्तक नाही, नुसता उघडा बल्ब. समोर त्याने हात धरला. पडद्यावर नखांसकट सावली. हात दिव्याकडे नेला तसतशी सावली वाढत पडदाभर झाली, पण तिची कड तशीच, वस्तऱ्याने कापल्यासारखी. मोठ्या दिव्याची सावली कडेला फुटते, कारण उजेड एका ठिकाणाहून येतच नाही. तार जेवढी बारीक तेवढी कड नेमकी. शाळेत प्रकाशाच्या धड्यात हे वाचलं होतं, मार्कही मिळवले होते. नाटकात वापरायचं कधी डोक्यात आलं नाही.

खेळाच्या दिवशी मात्र वेगळाच खेळ झाला. मागे बॅनर. वेळ जात नव्हता म्हणून मी त्यावरचे लोगो मोजले, चौदा भरले. प्रत्येक लोगोचा एक माणूस, प्रत्येकाला शाल-श्रीफळ, प्रत्येकाचं मनोगत. 'दोन संस्कृतींमधला सेतू' हे शब्द चार जणांनी वापरले. भाषणं पन्नास मिनिटं, खेळ चाळीस. ती दोघं विंगेत ट्रान्सफॉर्मर कुशीत घेतल्यासारखी बसून होती. उद्घाटनाला वाजवायला पेठ तालुक्यातून संबळ-पिपाणीवाले आणले होते. त्यांचं वाजवून झाल्यावर त्यांना सभागृहात खुर्ची मिळाली नाही, हॉल भरलाय म्हणे. त्यांचं बसभाडं चार महिन्यांनी आमच्यातल्याच एकाने खिशातून दिलं. आयोजकांचा चेक अजून यायचाय.

पण त्या संबळवाल्यामुळेच पुढचं घडलं. तो विंगेत येऊन उभा राहिला, पडद्यामागून सावल्या कशा पडतात ते पाहिलं, आणि खेळ संपल्यावर मला म्हणाला, "साहेब, यांना आमच्या बोहाड्याला आणा. आमच्यात पण सोंगं निघतात."

बोहाडा नाशिकमधल्या कित्येक शिकलेल्या माणसांनीही पाहिलेला नाही, म्हणून थोडं सांगतो. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरी, तिकडे जव्हार-मोखाडा, या पट्ट्यातल्या आदिवासी गावांत होळीनंतरच्या दिवसांत रात्रभर मुखवट्यांची सोंगं निघतात. आधी गणपती, मग सारजा म्हणजे सरस्वती, मग पुढे भीम, रावण, खंडेराव, वाघोबा असे एकामागून एक. मुखवटे कागदाच्या लगद्याचे, रंगवलेले, काही एवढे मोठे आणि जड की घालणाऱ्याला मान सांभाळत नाचावं लागतं. संबळाची लय बदलली की समजायचं, नवं सोंग आलं. पहाटे देवीचं सोंग निघतं आणि असुर मारला जातो, तेव्हा उजाडायला लागलेलं असतं.

आम्ही जीपने गेलो. सावळघाट ओलांडला आणि गावात पोचलो तेव्हा दहा वाजले होते. वीज होती, पण सोंगाच्या वाटेवर मुद्दाम दिवे घालवलेले. उजेड फक्त टेंभ्यांचा.

त्या इटालियनाने मुखवट्यांकडे पाहिलंच नाही म्हटलं तरी चालेल. तो पाहत होता टेंभा धरणाऱ्या म्हाताऱ्याकडे. धोतर गुडघ्यापर्यंत, अंगात बंडी, डोक्याला फडकं. सोंगाच्या पुढे चार हात अंतर ठेवून हा उलट्या पावली चालायचा. सोंगाने मान उजवीकडे टाकली की याचा टेंभा डावीकडे झुके. रावणाने दोन पावलं पुढे झेप घेतली तर हा टेंभा एकदम खाली, गुडघ्याशी नेई, आणि मुखवट्याच्या भुवयांच्या सावल्या कपाळावर चढत. नुसत्या कागदाचा चेहरा रागावलेला दिसायचा. टेंभा वर गेला की तोच चेहरा भोळा. मी तोवर समजत होतो की मुखवटा नाचणाऱ्यामुळे जिवंत होतो. त्या रात्री कळलं, अर्धं काम हा म्हातारा करतोय, आणि गावात त्याला कुणी कलाकार म्हणत नाही. "टेंभा मिरवणं" हा वाक्प्रचार आपण फुशारकीसाठी वापरतो. ज्याने कुणी तो रूढ केला, त्याने टेंभा धरून उलटं चालणारा माणूस पाहिला नसावा.

पहाटे चहा घेताना त्याने म्हाताऱ्याला दुभाष्यामार्फत, म्हणजे माझ्यामार्फत, विचारलं की हे कुणाकडून शिकलात. म्हातारा म्हणाला, "बापाकडून. आधी दोन वर्षं नुसतं तेल घालायचं काम." मग त्याने उलट विचारलं, "यांच्याकडं टेंभा धरतो तो किती वर्षं तेल घालतो?" हे इंग्रजीत कसं सांगावं मला कळेना. मी जसंच्या तसं सांगितलं. इटालियन हसला आणि म्हणाला की सात वर्षं, त्याच्या गुरूकडे, फक्त पेट्या उचलायचं काम.

जायच्या आदल्या दिवशी त्यांना गंगेवर घेऊन गेलो. बाहेरचे गोदावरी म्हणतात, आम्ही गंगाच. नारोशंकराच्या देवळावरची घंटा पाहून तो थबकला. "ही तर चर्चची," म्हणाला. बरोबर ओळखली. १७३९ च्या वसईच्या लढाईत चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांना हरवलं, त्या लुटीतली ती. आम्ही तिला रामाची घंटा म्हणतो, पुराचं पाणी तिच्यापर्यंत पोचलं की आख्खं नाशिक काळजीत पडतं. ही आमची सगळ्यात जुनी आंतरराष्ट्रीय भागीदारी, असं मी त्याला सांगितलं. दोन क्षण गेले आणि मग त्याला विनोद कळला.

तीनेक वर्षांनी त्याचा एक व्हिडिओ ईमेलने आला. नवा खेळ. बल्ब आता स्टँडवर नव्हता. एक बाई तो हातात धरून पडद्यामागे चालत होती, कधी उलट पावली, कधी गुडघ्याशी वाकून. सावल्या भुवया उंचावत होत्या. मी तो व्हिडिओ पेनड्राइव्हवर घालून पेठला नेला. म्हाताऱ्याने दोनदा पाहिला आणि एवढंच म्हणाला, "वारा नाही तिथं. वाऱ्यात धरून दाखव म्हणावं."

मला भागीदारी हा शब्द ऐकला की हे आठवतं. चौदा लोगो आठवत नाहीत. एकही नाव सांगता येणार नाही.

बैठकीतल्या मुलांनी युरोपातल्या सांस्कृतिक राजधान्यांचा दाखला दिला होता, तो खराच आहे. ग्रीसच्या सांस्कृतिक मंत्री मेलिना मर्कुरी, मूळच्या अभिनेत्री, त्यांच्या आग्रहातून १९८५ साली अथेन्सपासून ही प्रथा सुरू झाली: दर वर्षी एखादं शहर निवडायचं आणि वर्षभर ते युरोपची सांस्कृतिक राजधानी. आता वर्षाला दोन-तीन शहरं असतात. त्यांच्याच नावाने पंधरा लाख युरोचं बक्षीस मिळतं. जपानमध्ये तर एक समिती आहे, नव्वदच्या दशकापासून ती या शहरांशी जोडून घेऊन आपले कलावंत तिकडे पाठवते, आणि पैसा बराचसा तिथल्या कंपन्यांचा. आमच्या इटालियन मित्राच्या घरापासून तासाभरावर गोरित्सिया आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ साली, या गावाच्या कडेने सीमा आखली गेली, रेल्वे स्टेशन पलीकडे गेलं, आणि पलीकडच्यांनी आपलं नोव्हा गोरित्सा नावाचं नवंच शहर वसवलं. स्टेशनसमोरच्या चौकातलं कुंपण २००४ मध्ये निघालं. २०२५ साली ही दोन्ही शहरं मिळून एक राजधानी होती, इटलीचं अर्धं आणि स्लोव्हेनियाचं अर्धं. त्याने लिहिलं होतं, "पूर्वी आजी कुंपणापलीकडच्या बहिणीशी ओरडून बोलायची. आता तिथे खुर्च्या मांडतात." अशा ठिकाणी भागीदारी हा शब्द वापरलेला मला चालतो.

ब्रिटनमध्येही असंच आहे, त्यांचं आपलं वेगळं. दर चार वर्षांनी एक शहर: डेरी, हल, कॉव्हेंट्री, आणि २०२५ ला ब्रॅडफर्ड. माझा भाचा २०१७ मध्ये हलला शिकत होता. जानेवारीत त्याचा फोटो आला, खाली ओळ: "मामा, कुलकर्ण्यांचं पातं बघ." शहराच्या मुख्य चौकात आडवं पडलेलं पवनचक्कीचं पातं, पंच्याहत्तर मीटर लांब, शेंडा एवढा उचललेला की खालून डबलडेकर बस जावी. कल्पना नयन कुलकर्णी या ब्रिटिश कलावंताची. आडनाव वाचून आमच्याकडे सगळ्यांना उगाच आपलेपणा वाटला. पण मला त्यातलं दुसरंच आवडलं. ते पातं कुठून मागवलेलं नव्हतं. जर्मन कंपनीचा कारखाना त्याच शहराच्या गोदीत नुकताच उभा राहिला होता, पाती तिथेच बनायची. जे लोक रोज ते बनवत होते त्यांना पहिल्यांदा ते चौकात, गाभाऱ्यातल्या मूर्तीसारखं पाहायला मिळालं. भागीदार परदेशी, हात गावातले. विचार करा, उद्या ओझरला, जिथे विमानं बनतात तिथे, कुणी असं काही केलं तर.

आणि कॉव्हेंट्रीचंही सांगायला हवं, कारण नकाशावर ते कुणी लिहीत नाही. वर्ष मे २०२२ मध्ये संपलं, आणि ज्या ट्रस्टने ते चालवलं तो फेब्रुवारी २०२३ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला. नगरपालिकेने दिलेलं दहा लाख पौंडांचं कर्ज अडकलं. वर्षभराचा उत्सव म्हणजे वर्षभराचा पगार, हे गृहीत धरून अनेकांनी कामं घेतलेली असतात. मंडप उतरवणाऱ्याचे पैसे सगळ्यात शेवटी मिळतात, हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. तिकडेही तसंच निघालं, याचं मला वाईटही वाटलं आणि, खोटं कशाला बोलू, थोडा धीरही आला.

नाशिकने हे कधी केलं नाही असं नाही. २०१५ च्या सिंहस्थाआधी अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमधले रमेश रासकर, मूळचे आपल्याच गावचे, इथे तरुणांना एकत्र बसवून 'कुंभथॉन' घेत होते. २००३ च्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली होती, ती सल प्रत्येकाच्या मनात. त्यातून निलय कुलकर्णी या शाळकरी मुलाने पायाखालची एक चटई बनवली, पाऊल पडलं की मोजणारी, म्हणजे कुठल्या वाटेवर किती गर्दी चढतेय ते आधीच कळावं. नाव ठेवलं 'आशिओतो', जपानीत पावलांचा आवाज. हे दुसरे कुलकर्णी. बाहेरून आलं ते काय, तर एक माणूस बसून तुम्हाला म्हणतो, करून बघ, फसलं तर पुन्हा कर.

आणि त्याआधीचं उदाहरण तर त्र्यंबकचंच. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनला गेले ते विम्याची पॉलिसी गहाण टाकून. ना शिष्टमंडळ, ना करारनामा. 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या कचेरीत सरळ जाऊन संपादक केबर्न यांना भेटले, ते म्हणाले की इथे कितीतरी लोक यात बुडाले, नाद सोडा. फाळके ऐकेनात. मग त्यांनीच सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत नेलं, आणि हेपवर्थनी सगळे विभाग उघडून दाखवले. विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र घेऊन फाळके परतले. ती भोकं पाडायला रात्री अंधारात सरस्वतीबाई बसायच्या. ३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' लागला, आणि त्याच वर्षी बिऱ्हाड नाशिकला आलं. या सगळ्यात भागीदारी कुठे आहे म्हणाल तर एका स्टुडिओवाल्याने दुसऱ्या माणसाला आपलं कोठार दाखवलं, तेवढीच. हेपवर्थना त्या बदल्यात काय मिळालं? काही नाही. बॅनरसुद्धा नाही.

दुसऱ्या बैठकीला मी लिहून नेलं होतं, म्हणून बोलता आलं. म्हटलं, लोगो येतील, येऊ देत, पैसा लागतोच. पण जो करार कराल त्यात एक कलम घाला: तिकडून जितके येतील तितके इकडून जातील, आणि जाणाऱ्यांत निम्मे असे हवेत ज्यांचं नाव कार्यक्रमपत्रिकेत शेवटून दुसरं असतं. लाइटवाले, नेपथ्यवाले, मुखवटे करणारे, ढोल बांधणारे. रंगपंचमीच्या रहाडीतलं, म्हणजे त्या जुन्या हौदातलं, रंगाचं पाणी उकळणारे गेले तरी चालतील. कुणीतरी हसलं. नकाशावाला मुलगा मात्र लिहून घेत होता. "काका, अशी माणसं मिळतील कुठे? यादी आहे का कुणाकडे?"

यादी नाही, एक फोन नंबर होता.

टेंभा धरणारा म्हातारा जाऊन आता आठ वर्षं झाली. नातू टेंभा धरतो, एरवी पेठच्या बाजारात मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. फोन लावला, सगळं सांगितलं, अजून काहीच नक्की नाही हे दोनदा सांगितलं. विचारलं, पासपोर्ट आहे का. नव्हता. जन्मदाखला? तो होता, नावात एक अक्षर चुकलेला. मी म्हटलं, आधी तो दुरुस्त करून घे, मी येतो बरोबर तहसीलला.

थोडा वेळ तो काही बोलला नाही. मागे बाजाराचा गलका ऐकू येत होता.

"काका, एक विचारू? टेंभा विमानात घेऊ देतात का?"